सात नंबरचा प्लग

सिग्नीची आणि ओरेस्टची पहिली नजरानजर झाली, तेव्हा ओरेस्टचं तोंड दिसत नव्हतं आणि सिग्नीच्या व्हॅनचं दार उघडत नव्हतं.

दाराचा तसा दोष नव्हता. सिग्नी रात्रभर आत श्वास घेत होती, जिवंत माणसाला ते टाळता येत नाही. त्या श्वासाची वाफ दाराच्या फटीत शिरून तिथंच गोठली होती. बाहेर उणे छत्तीस, आत उणे नऊ. हीटर पहाटे कधीतरी मुकाट्यानं मेला होता. तीन स्वेटर आणि एक रजई गुंडाळून सिग्नी दारावर बुक्क्या मारत होती.

तेवढ्यात काचेवरचा बर्फ कुणीतरी बाहेरून खरवडला. नाण्याएवढं भोक पडलं आणि त्यात एक करडा डोळा आला. पापण्या पांढऱ्याशुभ्र गोठलेल्या.

"आत कुणी आहे का?" डोळ्यानं विचारलं.

"नाही," सिग्नी म्हणाली. "व्हॅनच बुक्क्या मारतेय."

डोळा जरा विचारात पडला. "मग... व्हॅनला म्हणावं, आतून ढकल. मी ओढतो."

त्यानं ओढायला आणि तिनं दोन्ही पायांनी ढकलायला एकच गाठ पडली. दार सुटलं, दाराबरोबर सिग्नीही सुटली. प्रेमकथेत नायिका नायकाच्या मिठीत पडते, तशी तीही पडली. पण मधे तिची रजई, त्याचा जाडजूड कोट आणि त्या कोटात एक लांब झाडू होता. स्पर्श झाला तो फक्त तिच्या कपाळाचा त्याच्या नाकाला. नाकातून रक्त आलं आणि ओठावर पोचायच्या आत गोठलं.

"सॉरी," नाक धरून तोच म्हणाला.

कॅनडातल्या मॅनिटोबात अशीच माणसं राहतात. नाक स्वतःचं फुटलं तरी माफी तेच मागतात.

त्याचं नाव ओरेस्ट. स्टोनी फोर्क गावच्या कर्लिंग क्लबात, म्हणजे बर्फावरून दगड सरकवायचा खेळ चालतो तिथं, बर्फ राखायचं काम करायचा. बाहेर मैलोन् मैल फुकटचा बर्फ पडलेला असताना आत यंत्र लावून बर्फ तयार करायचा, वर तो दाढी केल्यासारखा गुळगुळीत ठेवायचा, हा त्याचा धंदा. आणि शनिवारपासून क्लबात वर्षातले सगळ्यात मोठे सामने.

सिग्नी पियानो सुरात लावायची. हिवाळ्यात घराघरांतली हवा कोरडी पडते आणि पियानो बेसूर होतात, म्हणून तिचा हंगाम हाच. व्हॅनमधे झोपायचं, गावोगाव जायचं, शाळेचा, चर्चचा, कुणाच्या तरी आत्याचा पियानो लावायचा आणि उत्तरेकडच्या पुढच्या गावाला निघायचं. स्टोनी फोर्कात मंगळवारी आली. क्लबाच्या पार्किंगात गाड्यांना वायर लावायचे खांब होते. थंडीत गाडीला रात्रभर वीज पाजली नाही तर ती सकाळी उठत नाही. सगळे खांब भरलेले, एक सात नंबरचाच मोकळा होता. तिनं तिथं वायर लावली आणि झोपली.

आता ओरेस्ट मीटर घेऊन तिच्या पलंगाखाली पालथा पडला होता.

"अकरा पॉइंट दोन व्होल्ट," तो आतून म्हणाला.

"वाईट आहे?"

"आजारी आहे."

"किती?"

"नातेवाइकांना कळवावं, इतकी."

"नातेवाईक टपलेच आहेत," सिग्नी म्हणाली आणि सांगू की नको, असं करत सांगून टाकलं. तिचे वडील गिमलीला तळ्यावर मासेमारी करायचे. बर्फाला भोक पाडून जाळं सोडणारा माणूस, पण पोरगी थंडीत व्हॅनमधे झोपते म्हणून त्यांना झोप नाही. शेवटी तह झाला होता. रोज सकाळी आठला तिनं फोटो पाठवायचा: बॅटरी किती, आतली थंडी किती. एका आठवड्यात तीनदा व्हॅन मेली, की भाऊ लेफ ट्रेलर घेऊन येणार, व्हॅन विकायची आणि सिग्नीनं काकांच्या फर्निचरच्या दुकानात बसायचं.

"फर्निचर वाईट नसतं," ओरेस्ट समजुतीनं म्हणाला.

"सोफे सुरात लावता येत नाहीत."

तो पलंगाखालून बाहेर आला आणि बॅटरीचा स्वभाव समजावून सांगू लागला. ही नवीन जातीची बॅटरी. शून्याच्या खाली गेली की चार्ज घेत नाही, स्वतःच दार लावून बसते.

"मग तिला गरम करा."

"गरम करायला वीज लागते."

"वीज कुठाय?"

"बॅटरीत."

"आणि बॅटरी दार लावून बसलीय."

"हो."

"म्हणजे गरम झाल्याशिवाय ती घेणार नाही आणि घेतल्याशिवाय गरम होणार नाही."

"हो."

"आमची मावशी अशीच आहे," सिग्नी म्हणाली.

ओरेस्ट हसला. हसताना त्याच्या मिशीवरचा बर्फ तडकला. सिग्नीला उगाचच वाटलं, अजून एक-दोन नातेवाइकांचे किस्से सांगावेत.

"म्हणून तर खांबाची वीज," तो म्हणाला. "तिच्यावर बॅटरीखालची गादी तापते. गादी आहे एवढीशी, एक दिवस नि एक रात्र सलग शेकली तर बॅटरी वर येईल. तोवर हीटर थेट खांबावर चालेल. वायर... नीट लावली होती ना?"

"मी स्वतः लावली."

"हो हो. म्हणजे... आता तर लावलेलीच आहे." एवढं बोलून तो एकदम आपल्या बुटांकडे बघायला लागला. सिग्नीची बोटं इतकी सुन्न झाली होती की तिचं लक्ष गेलं नाही.

त्या दिवशी व्हॅन झकास चालली. हीटर घुमत होता, दिवे लागत होते. सिग्नी शाळेचा पियानो लावून आली, तर आत चहा करण्याइतकी ऊब. आणि गुरुवारी सकाळी पुन्हा सगळं गार. टूथपेस्टचा दगड झालेला. वायर जागच्या जागी, खांब जिवंत, आणि व्हॅन मेलेली.

मग ओरेस्टनं ती उघडायला घेतली. चार्जर पाहिला, फ्यूज पाहिले, छपरावरच्या सोलर पॅनेलवरून फूटभर बर्फ ढकलला, तो नेमका सिग्नीच्या डोक्यावर. उंदरानं वायर कुरतडली असेल म्हणून भिंतीची फळी काढली. उंदीर नव्हता, पण आधीच्या मालकाचे हरवलेले सहा मोजे सापडले. बॅटरी बाहेर काढावी म्हटलं, तर पेटीचे बोल्ट गोठून एकजीव झालेले. दुपारपर्यंत व्हॅनचं पोट फाडून सगळ्या तारा बाहेर आल्या होत्या. त्या पसाऱ्यात दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. दुसरी जागाच नव्हती.

"ही कुणाची वायर?" तिनं एक लाल तार उचलली.

"हीटरची. फार बारीक आहे. तुम्ही जरा धरा—"

"ऐक," सिग्नी म्हणाली. "माझ्या व्हॅनची आतडी तुझ्या मांडीवर आहेत. आता अहो-जाहो कशाला?"

ओरेस्टचे कान लाल झाले. थंडीनंही होतात, त्यामुळे पुरावा म्हणून ते धरता येत नाहीत.

"तू... जरा धर," तो म्हणाला.

तिनं धरली. हीटर खांबावर घुमत होता. सिग्नीनं मान कलती केली. "सूर जरा उतरलाय याचा."

"हीटरला सूर असतो?"

"सगळ्याला असतो. तुझ्या मीटरची पिपाणी, क्लबातलं ते बर्फाचं यंत्र..."

"आणि माझा?"

हे तो बोलून गेला आणि लगेच स्क्रू शोधायला खाली वाकला. स्क्रू त्याच्या हातातच होता.

"तुझा ऐकायला तू बोलायला पाहिजेस," सिग्नी म्हणाली. "आत्तापर्यंत तू व्होल्टच बोललायस."

फळ्या पुन्हा लागल्या. दोष मिळाला नाही. दोनदा व्हॅन मेली होती. वडिलांचा मेसेज आला, 'आणखी एक.' सिग्नीनं ठरवलं, उद्या पहाटे जागं राहायचं. मीटरला दिसत नाही ते कानाला ऐकू येतं.

पहाटे साडेचारला ती उठून बसली. चार्जर बारीक गुणगुणत होता. पाच वाजले... आणि गुणगुण तुटली. त्यामागोमाग हीटरही थांबला; एकदा थांबला की वीज परत आली तरी बटण दाबल्याशिवाय तो उठत नसे. बाहेर बर्फ करकरला. सिग्नीनं काचेवर श्वास सोडून भोक पाडलं.

खांबाच्या दिव्याखाली एक म्हातारी उभी होती. पायाशी बूट घातलेलं कुत्रं. म्हातारीनं सात नंबरच्या खांबातून वायर काढली होती. ती खाली बर्फावर हळूच ठेवली आणि खांबाच्या डोक्यावरचा बर्फ हातमोज्यानं झाडला. नातवाच्या डोक्यावरून हात फिरवावा तसा. मग कुत्र्याला घेऊन निघून गेली.

सिग्नी ओरडणार होती. पण तीही मॅनिटोबाचीच. पहाटे पाचला, इतक्या प्रेमानं वीज कापणाऱ्या बाईवर ओरडायचं तरी कसं? शिवाय कोडं अर्धंच सुटलं होतं. काढणारी कळली, पण रोज सकाळी वायर लावलेली सापडते ती कशी? ते कळावं म्हणून ती रजई पांघरून दोन तास कुडकुडत बसली. तिसऱ्यांदा व्हॅन मेली, ती अशी तिच्या डोळ्यांदेखत.

सातला ओरेस्ट आला. पडलेली वायर बघून थबकला. चोरासारखं इकडे-तिकडे बघितलं. वायर उचलली, पुसली, हळूच खांबात खोचली आणि चवड्यांवर चालत क्लबाकडे निघाला.

"ओरेस्ट."

तो जागच्या जागी गोठला. त्या हवेत ते सोपंही होतं.

"रोज लावतोस?" दारातून सिग्नी म्हणाली.

"म्हणजे... पडलेली असते, म्हणून..."

"तीन दिवस?"

"मला वाटलं, तुला नीट लावता येत नाही." त्याचा आवाज स्कार्फात बुडाला. "तोंडावर कसं सांगायचं? तुला वाईट वाटलं असतं."

"माझं दार उघडलंस, फळ्या उघडल्यास, फ्यूज उघडलेस," सिग्नी म्हणाली. "'वायर पडली होती' एवढं म्हणायला तोंड तेवढं उघडलं नाही?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. फरक इतकाच, की इथं कळसा स्वतःच काखेत लपवून ओरेस्टनं तिच्याबरोबर सगळा गाव पालथा घातला होता.

म्हातारी म्हणजे पॉलीन आजी. गावात सगळ्यांना ठाऊक होतं की सात नंबरचा खांब तिच्या नवऱ्याचा, नेस्टरचा. खांबावर नाव नव्हतं. नाव लिहायला लागावं इतकी माणसंच गावात नव्हती. नेस्टर जाऊन दोन वर्षं झाली, तरी तिथं कुणी वायर लावत नसे. हे ओरेस्टलाही माहीत होतं. बुधवारी सिग्नीला खांब बदल म्हणावं, असंही त्याच्या मनात आलं होतं. पण तेही तोंडावर कसं सांगायचं?

दोघं तिच्याकडे गेली. तिनं आधी बटाटा भरून करंजीसारख्या केलेल्या पेरोगी तळून पुढे ठेवल्या, मग विषय ऐकून घेतला आणि गालावर हात ठेवला.

"अगं बाई. त्या गाडीत तू झोपतेस? मला वाटलं, नुसती उभी करून ठेवलीय कुणीतरी."

"मग सांगायचं ना, आजी, की जागा तुमची आहे."

"परकी माणसं. उगाच कशाला लाजवायचं, म्हटलं. म्हणून कुणी बघत नसताना काढत होते." आजीनं मलईचं भांडं तिच्याकडे सरकवलं. "एक्केचाळीस वर्षं त्याच्या ट्रकची वायर मीच काढली. तो पाचला निघायचा कामाला. आता ट्रक नाही, पण जाग येतेच. जाऊन एकदा खांब बघून येते... बोटं आपली आपण जातात गं."

सिग्नीनं हातातली पेरोगी परत ताटलीत ठेवली. ओरेस्टनं पाणी पुढे केलं.

"वापर तू," आजी म्हणाली. "मी पाचला येईन, काढीन, नि लगेच परत लावीन. चालेल?"

"आज रात्री वायर लावणारच नाहीये," सिग्नी म्हणाली. तिसरा फोटो गेला होता आणि उत्तर आलं होतं: 'लेफ उद्या सकाळी निघतो. रानात खांब नसतात, बाळ.' तिनं वडिलांना फोन करून एक रात्र मागून घेतली होती. खांबाशिवाय एक रात्र, आणि सकाळी आठला आकडा. व्हॅन तगली तर लेफ घरीच राहील.

शुक्रवारचा दिवस धावपळीत गेला. बोल्ट एकदाचे सुटले. पंचवीस किलोची बॅटरी ओरेस्टनं कोटात गुंडाळून क्लबात आणली आणि गरम हवेच्या झरोक्याशी खुर्चीवर ठेवली. सरावाला आलेल्या दोन बायका पाय न वाजवता बाजूनं गेल्या. एकीनं हळूच विचारलं, किती महिन्यांचं. सिग्नीनं सांगितलं, चौदा. दुपारी बॅटरी दार उघडून बसली आणि घटाघटा प्यायला लागली. ओरेस्टनं तिची जागा बदलली. पलंगाखालच्या मागच्या गार पत्र्यावरून काढून पलंगाखालीच आत, फोमच्या पेटीत. हीटरला जाड वायर टाकली. एकेक सांधा घासून चकचकीत केला. सिग्नी दिवा धरून बसली होती आणि दिवा हळूहळू तारांवरून सरकून त्याच्या हातांवर येत होता.

"दिवा," तो म्हणाला.

"हो, हो." तिनं तो सरळ केला. जरा वेळानं म्हणाली, "एवढं चांगलं करतोयस... म्हणजे मी कुठंही जाऊ शकेन."

त्याचे हात थांबले. "तसंच करायचंय ना?"

"तसंच करायचंय."

"मग झालं," म्हणून त्यानं स्क्रू आवळला. जरा जास्तच आवळला.

शनिवारी सकाळी आठला बाहेर उणे पस्तीस होतं आणि सिग्नी व्हॅनमधे मोज्याशिवाय बसली होती. आत सोळा अंश. बॅटरी एकाहत्तर टक्के. रात्रभर आतली ऊब मिळालेल्या इंजिनला किल्ली दिली, ते खोकलं, कुरकुरलं आणि धडधडत चालू झालं. तिनं फोटो काढायला फोन उचलला.

फोन मेलेला होता. रात्री तो खिडकीच्या काचेला टेकून राहिला होता. घड्याळ पुढे सरकत होतं, गिमलीला लेफ ट्रेलर जोडत असणार.

"ओरेस्ट," तिनं हाक मारली. तो क्लबाच्या दारात, बर्फ खरवडायचं सोडून, तिकडेच बघत उभा होता. "तुझा फोन दे."

फोन लागला, पण वडील तळ्यावर होते, वारा सुटला होता, आणि ते वाऱ्याच्या वर ओरडून बोलत होते. शब्दन् शब्द पार्किंगभर ऐकू येत होता.

"आकडा तू सांगशील, तो मी मानीन होय?" ते गरजले. "तू मेलीस तरी म्हणशील मजेत आहे. तिथं दुसरं कुणी आहे का?"

सिग्नीनं फोन ओरेस्टच्या हातात दिला.

"कोण रे तू?"

"ओरेस्ट. मी... बर्फ राखतो."

"बर्फ कशाला राखावा लागतो? बरं, खरं सांग. व्हॅन उत्तरेत टिकेल का?"

ओरेस्टनं व्हॅनकडे बघितलं. सिग्नीच्या लक्षात आलं, त्यानं नुसतं 'सांगता येत नाही' म्हटलं तरी पुरे. लेफ निघेल. फर्निचरचं दुकान इथून दीड तासावर. दर रविवारी सोफा बघायला येता येईल. हे त्याच्याही डोक्यात आलंय, हे तिला त्याच्या कानांवरून कळलं.

"टिकेल," तो म्हणाला. "बॅटरी आत घेतलीय. वायर जाड केलीय. उणे चाळिसातही टिकेल. मला तसं नको होतं, पण टिकेल."

"तुला का नको होतं?"

वारा जरा पडला. इंजिन धडधडत होतं. ओरेस्टनं स्कार्फ खाली ओढला. चार दिवसांत बाहेरच्या थंडीत त्याचं अख्खं तोंड तिनं पहिल्यांदाच बघितलं.

"कारण व्हॅन टिकली की ती जाणार," तो म्हणाला. "आणि ती गेलेली मला... मला चालणार नाही. पण व्हॅन मोडून तिला थांबवलेलं त्याहून चालणार नाही. म्हणून नीट करून दिली."

पलीकडे जाळं खाली टाकल्याचा आवाज झाला. मग—

"हे तिला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतोस? माझे हात गारठलेत." आणि दूर कुणाला तरी, "लेफ, ट्रेलर सोड." फोन बंद झाला.

ओरेस्ट त्या बंद फोनकडे बघत राहिला.

"ऐकलंस ना," तो म्हणाला.

"बाबांना सांगितलेलं ऐकलं," सिग्नी म्हणाली. "मला काही सांगितलेलं अजून ऐकलं नाही."

त्यानं तोंड उघडलं. वाफ निघाली, शब्द निघाला नाही. दुसऱ्यांदा उघडलं. "सिग्नी... तू मला आवडतेस. बुधवारी नाक फुटलं, तेव्हापासून. पियानो लावत कुठंही जा. फक्त... परत ये. मी एप्रिलपर्यंत इथून हलू शकत नाही, बर्फ असतो. एप्रिलनंतर तू म्हणशील तिथं येतो." मग जरा थांबून, "माझा आवाज कुठल्या सुरात आहे?"

"थरथरतोय," ती म्हणाली. "पण खरा लागलाय."

आत क्लबातून कुणीतरी हाक मारली, पहिला सामना नऊला होता आणि बर्फ तसाच पडला होता. ओरेस्ट हलला नाही.

"तुला निघायला हवं ना," तो म्हणाला. "इंजिन तापलंय."

उणे पस्तिसात एकदा चालू झालेलं इंजिन त्या मुलखात शहाणा माणूस बंद करत नाही. दुकानात जाताना करत नाही, चर्चमधे जाताना करत नाही. सिग्नी व्हॅनमधे वाकली आणि किल्ली फिरवली. पार्किंगात एकदम शांत झालं.

"अगं, हे काय केलंस?"

"तीन दिवस बिघडली होती म्हणून थांबले," सिग्नी म्हणाली. किल्ली तिनं खिशात टाकली आणि त्याचा हात आपल्या हातात घेतला. "आज चालू आहे म्हणून थांबतेय."